कंबोडिया समजून घ्यायचा तर पाण्यापासून सुरुवात करा

कंबोडियाला निघालेल्या बहुतेक मराठी प्रवाशांच्या मनात अंगकोर वाटचे चित्र आधीच पक्के बसलेले असते. त्या देशाच्या राष्ट्रध्वजावरही तेच मंदिर आहे, त्यामुळे देशाची ओळख तिथूनच करून घ्यावी असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही नवख्या माणसाने मंदिर जरा मागे ठेवावे, असे माझे मत आहे. ते मंदिर, त्याभोवतीचा खंदक, खांबांवर उभे असलेले गाव, ताटातला मासा आणि सणांची सुटी या सगळ्यांचा हिशेब एका सरोवराच्या चढउतारावर बसलेला आहे, आणि तो चढउतार ध्यानात न घेता मंदिर पाहिले तर दगड दिसतो, देश दिसत नाही. आठ दिवसांच्या सहलीला जाणारा, कामानिमित्त वर्षभर राहणारा आणि घरबसल्या वाचून समजून घेणारा, अशा तिघांनाही उपयोगी पडेल असा क्रम पुढे दिला आहे.

पहिली पायरी: नकाशा समोर ठेवा

कंबोडियाचे क्षेत्रफळ १,८१,०३५ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे अधिक. आणि २०१९ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १ कोटी ५५ लाख होती. पश्चिमेला व वायव्येला थायलंड, उत्तरेला लाओस, पूर्वेला व आग्नेयेला व्हिएतनाम आणि नैऋत्येला थायलंडचे आखात, अशा चौकटीत हा देश बसला आहे. त्याचा आकार मनात धरायचा असेल तर काठ उंच आणि मध्य सपाट असलेली एक परात डोळ्यांसमोर आणावी.

परातीचा उत्तरेकडचा काठ म्हणजे डांगरेकची डोंगररांग. थायलंडच्या बाजूने ती जेमतेम जाणवते, पण कंबोडियाच्या बाजूला तिचा कडा सरळ खाली तुटतो. नैऋत्येचा काठ अधिक रुंद आणि दाट जंगलाचा आहे. तिथल्या डोंगररांगेचे ख्मेर भाषेतले, म्हणजे देशातल्या बहुसंख्य ख्मेर लोकांच्या भाषेतले, नाव 'क्रवान्ह', म्हणजे वेलदोडा. आणि देशातले सर्वांत उंच शिखर, १,८१३ मीटरांचे प्नॉम ऑरल, याच भागात आहे. मराठी वाचकाला हा काठ समजावून सांगावा लागत नाही. नैऋत्य मोसमी वारे समुद्रावरून येतात, डोंगराला अडतात, समुद्राकडच्या उतारावर धो धो पाऊस पाडतात आणि पलीकडच्या मैदानावर हात आखडता घेतात. सह्याद्रीने कोकण आणि देश यांच्यात जी वाटणी केली आहे, तीच इथे क्रवान्हच्या डोंगरांनी केली आहे. समुद्राकडच्या बाजूला कांपोत हा मिरीसाठी प्रसिद्ध असलेला प्रांत आहे, आणि त्याच्या वरच्या बाजूला फ्रेंचांनी १९२० च्या दशकात वसवलेले बोकोर हे थंड हवेचे ठिकाण धुक्यात उभे आहे.

ईशान्येचा काठ म्हणजे पठार. तिथल्या दोन प्रांतांची नावे वाचून थबकायला होते: रतनकिरी आणि मोंदुलकिरी. पहिले नाव म्हणजे सरळ 'रत्नगिरी'. आपल्या रत्नागिरीशी त्याचे नाते केवळ संस्कृत शब्दांचे आहे, पण योगायोग असा की तिथेही ज्वालामुखीच्या खडकापासून बनलेली तांबडी माती आहे आणि तिथेही काजूच्या बागा आहेत. बानलुंग गावाजवळचे याक लाओम हे ज्वालामुखीच्या मुखात साचलेले गोल सरोवर अवश्य पाहावे. या पठारावर तांपुआन, जराय, क्रेउंग, बुनोंग असे डोंगराळ समाज राहतात. त्यांच्या भाषा व चालीरीती मैदानी ख्मेर लोकांपेक्षा वेगळ्या आहेत. म्हणून पुढे सांगितलेले सगळे त्यांना लागू पडेल असे मानू नये.

दुसरी पायरी: उलटी वाहणारी नदी समजून घ्या

ही पायरी सावकाश चढावी. तिबेटच्या पठारावर उगम पावलेली मेकाँग नदी लाओसच्या सीमेवरील खोन धबधब्यांखाली कंबोडियात शिरते आणि दक्षिणेकडे वाहत राजधानी प्नॉम पेन्हला पोहोचते. तिथे तिला वायव्येकडून येणारी टोन्ले साप नदी मिळते, आणि लगेच खाली प्रवाह पुन्हा दुभंगून मेकाँग व बासाक अशा दोन वाटांनी व्हिएतनामकडे जातो. चार दिशांना चार प्रवाह असलेल्या या संगमाला ख्मेर भाषेत 'चाकतोमुक' म्हणतात, म्हणजे आपला 'चतुर्मुख'.

टोन्ले साप नदीच्या वरच्या टोकाला त्याच नावाचे विस्तीर्ण, उथळ सरोवर आहे. नोव्हेंबर ते मे या कोरड्या काळात सरोवराचे पाणी नदीवाटे मेकाँगकडे उतरते, जसे कोणत्याही नदीने उतरावे तसे. मात्र जूनच्या सुमारास मेकाँगला पूर चढू लागला की तिची पातळी सरोवरापेक्षा उंच होते; मग पाण्याला उताराचा नियम पाळण्याखेरीज गत्यंतर नसल्यामुळे टोन्ले साप नदी दिशा बदलते आणि शंभरहून अधिक किलोमीटर मागे वाहत सरोवर भरू लागते. उन्हाळ्यात साधारण २,५०० चौरस किलोमीटर असलेले सरोवर पावसाळ्याच्या अखेरीस त्याच्या चार ते सहापट पसरते, आणि जिथे माणूस छातीभर पाण्यात उभा राहू शकत होता तिथे आठ-नऊ मीटर पाणी होते. काठची झाडे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बुडतात; त्या बुडालेल्या जंगलात मासे अंडी घालतात, त्यांची पिल्ले तिथेच पोसली जातात, आणि पाणी उतरू लागले की माशांचे थवे नदीत येतात. पूर गाळही आणतो, आणि ओसरत्या पाण्यामागोमाग भातशेती सरकत जाते. युनेस्कोने १९९७ मध्ये या सरोवराला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

यातून नवख्याने एक व्यावहारिक धडा घ्यावा: सरोवर पाहायला कधी जाता, यावर काय दिसेल ते ठरते. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये अंगकोरलगतच्या सिएम रीप शहराजवळ कांपोंग प्लुक गावात गेलात, तर घराच्या पायरीला होडी लागलेली दिसेल. मार्चमध्ये त्याच गावात गेलात, तर तीच घरे सहा-सात मीटर उंच खांबांवर, धुळीच्या रस्त्याच्या वर लटकलेली दिसतील, आणि आपण चुकीच्या ठिकाणी आलो की काय असा प्रश्न पडेल. दोन्ही दृश्ये खरी आहेत. शक्य असेल त्याने दोन्ही पाहावीत. एकच पाहणे शक्य असेल त्याने दुसऱ्याची कल्पना करावी.

हे चक्र आता पूर्वीइतके भरवशाचे राहिलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१९ मध्ये आणि त्यानंतरच्या वर्षी नदी उशिरा उलटली आणि सरोवर कमी भरले. दुष्काळ आणि मेकाँगच्या वरच्या अंगाला बांधलेली धरणे ही त्याची मुख्य कारणे सांगितली जातात. सरोवरावर पोट असलेल्या माणसाशी बोलताना हा विषय निघाला तर ऐकून घ्यावे.

तिसरी पायरी: गावांची नावे वाचायला शिका

अर्ध्या तासात साधणारी ही पायरी आहे. 'प्नॉम' म्हणजे टेकडी, 'टोन्ले' म्हणजे मोठी नदी, 'स्तुंग' म्हणजे लहान नदी, 'बेउंग' म्हणजे तळे, 'कोह' म्हणजे बेट, 'प्रेय' म्हणजे रान, आणि 'कांपोंग' म्हणजे नदीकाठी होड्या लागतात ती जागा, मराठीत सांगायचे तर बंदर किंवा धक्का. कांपोंग चाम, कांपोंग थोम, कांपोंग छ्नांग ही नावे नकाशावर पाण्याच्या कडेने ओवलेली का दिसतात, ते यावरून कळते. त्यांपैकी छ्नांग म्हणजे मडके, आणि त्या भागातले कुंभारकाम आजही प्रसिद्ध आहे. 'प्सार' म्हणजे बाजार, आणि हा शब्द फारसी 'बाजार'चेच सागरी मार्गाने गेलेले भावंड आहे.

'अंगकोर' हे 'नगर' या शब्दाचे ख्मेर रूप. 'वाट' म्हणजे बौद्ध विहार. त्याचे मूळ कुंपण घातलेल्या जागेचा अर्थ असलेल्या संस्कृत 'वाट' शब्दात आहे, आणि आपला 'वाडा' त्याच कुळातला. पायवाटेशी त्याचा संबंध नाही, एवढे मराठी माणसाने लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

चौथी पायरी: दिनदर्शिका उघडा

इथे मराठी वाचकाला इतर कोणाही परदेशी पाहुण्यापेक्षा अधिक आनंद मिळतो, आणि घसरण्याचा धोकाही इथेच अधिक असतो. ख्मेर वारांची नावे क्रमाने आतित, चान, अंगकिया, पुत, प्रोहोआ, सोक आणि साव अशी आहेत: आदित्य, चंद्र, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र, शनी. अंगारकी चतुर्थी मंगळवारी का येते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ख्मेर मंगळवार पाठ करावा लागत नाही. चांद्रमासांची नावेही चेत, पिसाक, फोत्रबोत, असोच, कदेक अशी चैत्र-वैशाखाच्या चालीवर जातात, आणि महिना शुक्ल पक्षाने सुरू होऊन वद्य पक्षाने संपतो, जसा आपला. अधिक महिना मात्र त्यांच्याकडे नेहमी आषाढाचाच धरतात. प्राचीन शिलालेखांतील कालगणनाही शकाची आहे. मेकाँगकाठच्या सांबोर येथे सापडलेल्या, शके ६०५ म्हणजे इसवी सन ६८३ च्या शिलालेखात त्या आकड्यातले शून्य एका टिंबाने कोरलेले आहे. लिखित शून्याच्या सर्वांत जुन्या निश्चित कालाच्या नमुन्यांत त्याची गणना होते, आणि तो दगड प्नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहता येतो.

आता सण पाहू. एप्रिलच्या मध्यावर सूर्य मेष राशीत शिरतो तेव्हा ख्मेर नववर्ष येते. भाताची कापणी आटोपलेली, ऊन कडक, पावसाला अजून अवकाश, अशा रिकाम्या दिवसांतला हा सण आहे. शहरे ओस पडतात, दुकाने बंद राहतात आणि बसगाड्यांना जागा मिळत नाही, त्यामुळे कामाचा बेत असेल तर ते दिवस टाळावेत. पाऊस तोंडावर आला की पिसाक महिन्यातील वद्य चतुर्थीला शाही नांगरणीचा समारंभ होतो. त्याच्या नावातला 'नेआंगकोल' हा शब्द संस्कृत 'लांगल'पासून आला आहे, आणि आपला 'नांगर'ही तिथूनच. नांगरणी झाल्यावर बैलांपुढे तांदूळ, मका, शेंगांचे दाणे, तीळ, गवत, पाणी आणि मद्य अशी सात पात्रे ठेवतात, आणि ते कशाला तोंड लावतात त्यावरून वर्षाचे भाकीत करतात.

फोत्रबोतच्या, म्हणजे भाद्रपदाच्या, वद्य पक्षातील पंधरवडा हा प्चुम बेनचा. यातला 'बेन' म्हणजे पिंड. तिथी आपल्या पितृपक्षाची, शब्द आपल्या ओळखीचा, आणि तरीही विधी आपला नाही. लोक पहाटेच्या अंधारात विहारात जाऊन भाताचे गोळे भुईवर टाकतात, कारण पितरांचे उपाशी प्रेतात्मे उजेड सहन करू शकत नाहीत अशी श्रद्धा आहे. आपले वंशज आपल्यासाठी काही घेऊन आले आहेत का, हे पाहत ते प्रेतात्मे सात विहार हिंडतात आणि काहीच मिळाले नाही तर शाप देतात, असे मानले जाते. भिक्षूंना दिलेल्या अन्नाचे पुण्य पितरांना पोचते, हा त्यामागचा बौद्ध विचार आहे. हे दिवस आपल्यासारखे अशुभ मानले जात नाहीत; उलट घरोघरी माणसे गावी परततात आणि केळीच्या पानात बांधून उकडलेले चिकट तांदळाचे पदार्थ करतात.

कार्तिकी पौर्णिमेला बोन ओम तुक, म्हणजे जलोत्सव, येतो. सरोवर भरून नदी पुन्हा समुद्राकडे वळण्याच्या सुमाराचा हा सण आहे, आणि तीन दिवस प्नॉम पेन्हच्या नदीवर लांबच लांब होड्यांच्या शर्यती चालतात. रात्री चंद्राला नमस्कार करून 'अंबोक' खातात. नव्या भाताचे दाणे भाजून, उखळात कांडून, चपटे करून ते केळ्याबरोबर आणि नारळपाण्याबरोबर खायचे. याला पोहे म्हणावे की न म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

ओळखीच्या या शब्दांमुळे 'हे सगळे मुळात आपलेच' असे म्हणण्याचा मोह होतो, आणि अनेक भारतीय पर्यटक ते मार्गदर्शकाच्या तोंडावर म्हणतातही. तसे म्हणू नये. शब्द समुद्रमार्गे व्यापारी आणि विद्वानांबरोबर गेले हे खरे, परंतु ख्मेर लोकांनी त्यांना आपल्या नदीचा, आपल्या धर्माचा आणि आपल्या पूर्वजांचा अर्थ दिला आहे. रामकथेचे तिथले रूप 'रामकेर' या नावाने ओळखले जाते आणि त्यात हनुमानाची गाठ सोवान माच्छा या मत्स्यकन्येशी पडते. ती 'चूक' दुरुस्त करायला जाऊ नये.

पाचवी पायरी: आता मंदिरे, तीही पाण्याच्या दिशेने

अंगकोर या जुन्या राजधानीच्या मंदिर-परिसराचे तिकीट एक, तीन किंवा सात दिवसांचे असते. २०१७ पासून त्याचे दर अनुक्रमे ३७, ६२ आणि ७२ डॉलर आहेत. तीन दिवसांचे घ्यावे. सिएम रीपचा नवा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाला असून तो शहरापासून बराच दूर आहे, त्यामुळे उतरल्या दिवशी मंदिरे पाहण्याचा बेत आखू नये.

क्रम असा ठेवावा की पाणी जिथून येते तिथून आपणही यावे. सरोवराच्या उत्तरेला प्नॉम कुलेनचा डोंगर आहे. याच डोंगरावर, तेव्हाच्या महेंद्रपर्वतावर, दुसऱ्या जयवर्मनने इसवी सन ८०२ मध्ये स्वतःला चक्रवर्ती घोषित केले, आणि अंगकोरच्या साम्राज्याचा आरंभ तिथून मोजतात. तिथल्या नदीपात्रात, तसेच जवळच्या क्बाल स्पेआन येथे, खडकात शेकडो शिवलिंगे आणि शेषशायी विष्णू कोरलेले आहेत, म्हणजे खालच्या शेतीला मिळणारे पाणी त्यांच्यावरून वाहून पवित्र होऊन उतरते. अंगकोरला लागलेला वालुकाश्मही याच डोंगराचा. मैदानात ते पाणी 'बाराय' नावाच्या प्रचंड आयताकृती तलावांत अडवले जाई. पश्चिम बाराय सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद आहे, आणि त्यात आजही पाणी असते. तलाव, कालवे, खंदक यांतून फिरून उरलेले पाणी टोन्ले साप सरोवरात जाते. हे पाहून झाल्यावर अंगकोर वाटच्या सुमारे १९० मीटर रुंद खंदकासमोर उभे राहावे. तो आता शोभेचा वाटत नाही.

दुसऱ्या सूर्यवर्मनने १२ व्या शतकाच्या पूर्वार्धात हे विष्णुमंदिर उभारले, आणि पुढे ते बौद्ध उपासनेचे स्थान झाले. त्याचे तोंड पश्चिमेला आहे, म्हणून पहाटे सूर्य शिखरांमागून उगवतो आणि त्यासाठी समोरच्या तळ्याकाठी झुंबड उडते. मला विचाराल तर पहाट गर्दीला सोडून द्यावी आणि दुपारी तीननंतर जावे, कारण तेव्हा ऊन पश्चिमेच्या ओवऱ्यांत शिरते आणि तिथले कुरुक्षेत्र व लंकेचे युद्ध उजळून निघते. पूर्वेच्या बाजूला समुद्रमंथनाचा सुमारे ४९ मीटर लांबीचा पट आहे: ८८ देव, ९२ असुर, मधे विष्णू, खाली कूर्म, आणि मंथनाच्या घुसळणीत तुकडे होणारे मासे व मगरी. मासे एवढ्या बारकाईने कोणी कोरले असतील, याचे उत्तर दुसऱ्या पायरीवर मिळाले आहेच. १९८६ ते १९९३ या अवघड काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने या मंदिराच्या जतनाचे काम केले, आणि नंतर ता प्रोम येथेही केले.

सर्वांत वरच्या मजल्यावर जायचे तर खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. ओढणीने खांदे झाकून चालत नाही, बाह्यांचा कपडा हवा.

सातव्या जयवर्मनने १२ व्या शतकाच्या अखेरीस बांधलेले बायोन हे मंदिर प्रचंड, मंद हसणाऱ्या मुखांसाठी सर्वांना माहीत असते. पण नवख्याने त्याच्या बाहेरच्या भिंतीवरची शिल्पे शोधावीत. तिथे शेजारच्या चंपा राज्याच्या चाम सैन्याशी चाललेली नौकायुद्धे आहेत आणि होड्यांच्या खाली पोहणारे मासे आहेत. आणि त्यांच्याच शेजारी बाजारात बसलेल्या विक्रेत्या बाया, तराजू, कोंबड्यांची झुंज, चुलीवर शिजणारा भात. सिएम रीपच्या बाजारात दुसऱ्या दिवशी सकाळी गेलात तर त्यांतली बरीच दृश्ये पुन्हा दिसतील. वेळ उरला तर ९६७ मध्ये प्रतिष्ठापना झालेले बान्ते स्रेई हे गुलाबी दगडाचे छोटे मंदिर पाहावे. बाकीची मंदिरे थकवा येईपर्यंत पाहण्यात अर्थ नाही.

डांगरेकच्या कड्यावरचे प्रेआह विहिआर हे शिवमंदिर स्थानदृष्ट्या सर्वांत देखणे आहे, परंतु थायलंडशी असलेल्या सीमावादात ते सापडलेले आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये ते कंबोडियाचे ठरवले, तरी २०२५ मध्ये या सीमेवर पुन्हा लढाई झाली. तिकडे किंवा थायलंडकडून जमिनीच्या मार्गाने जाण्याचा विचार असेल तर त्या वेळची अधिकृत सूचना पाहिल्याशिवाय निघू नये.

सहावी पायरी: मागची पन्नास वर्षे

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या जहाल साम्यवादी संघटनेचे सैन्य प्नॉम पेन्हमध्ये शिरले आणि काही दिवसांत सारे शहर रिकामे करण्यात आले. ७ जानेवारी १९७९ पर्यंतच्या त्या राजवटीत सुमारे १७ ते २० लाख माणसे उपासमार, आजार, अतिश्रम आणि हत्या यांत मेली, म्हणजे दर चार-पाच माणसांमागे एक. अंगकोरचे पाणी तिथेही होते: पुरातन साम्राज्यासारखे कालवे आणि तलाव खणून भाताचे अमाप पीक काढण्याच्या हट्टापायी लोकांना मरेस्तोवर राबवले गेले. वायव्येकडील त्रापेआंग थ्मा हा तसाच वेठबिगारीतून उभा राहिलेला जलाशय आज सारस पक्ष्यांचे अभयारण्य आहे.

प्नॉम पेन्हमधील तुओल स्लेंग ही शाळेची तुरुंग बनवलेली इमारत आणि शहराबाहेरचे 'चेउंग एक' हे सामूहिक हत्यांचे मैदान ही दोन्ही स्थळे पाहावीत, शक्यतो एकाच दिवशी आणि त्या दिवशी दुसरे काही न ठेवता. तिथे हसून छायाचित्रे काढू नयेत. वयस्क माणसाला त्या काळाविषयी आपणहून प्रश्न विचारू नये. तो बोलू लागला तर मधे थांबवू नये. वायव्येकडे, विशेषतः थायलंडच्या सीमेलगत, जमिनीत पुरलेले सुरुंग अजूनही आहेत, म्हणून मळलेली वाट सोडून शेतात किंवा झाडीत शिरू नये आणि कवटीचे चिन्ह असलेल्या लाल पाटीला हसण्यावारी नेऊ नये.

सातवी पायरी: माणसांत मिसळा

रोजच्या व्यवहाराला डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात. एका डॉलरला सुमारे ४,००० रिएल धरतात आणि सुटे रिएलमध्ये मिळतात. फाटकी किंवा डाग पडलेली डॉलरची नोट कोणी घेत नाही, हे भारतातूनच नोटा नेताना पाहून घ्यावे.

बोलण्यात वय महत्त्वाचे. मराठीत दादा, ताई, काका, मावशी म्हटल्याशिवाय अनोळखी माणसाशी बोलता येत नाही, तसेच तिथेही आहे. थोड्या मोठ्या माणसाला, पुरुष असो वा स्त्री, 'बोंग' म्हणतात; लहानाला 'ओउन', आईवडिलांहून लहान वयाच्या पुरुषाला 'पू' आणि बाईला 'मिंग', आजोबांना 'ता' आणि आजीला 'येआय'. शिक्षक 'लोक क्रू', आणि त्यातला क्रू म्हणजे गुरू. पहिल्याच भेटीत वय विचारले गेले तर राग मानू नये. आपल्याला काय म्हणून हाक मारावी, एवढेच त्यांना ठरवायचे असते. होकार देताना पुरुष 'बात' म्हणतो आणि स्त्री 'चाह'.

नमस्काराला 'सांपेआह' म्हणतात आणि जोडलेल्या हातांची उंची समोरच्यावर ठरते: बरोबरीच्या माणसाला छातीशी, वडीलधाऱ्यांना हनुवटी-ओठांशी, आईवडील व गुरूंना नाकाशी, भिक्षू आणि राजा यांना भुवयांशी, आणि देवापुढे कपाळाशी. लहान मुलाने केलेला नमस्कार हसून स्वीकारावा, त्याच्या डोक्यावर हात ठेवू नये. डोके हा देहाचा पवित्र भाग मानतात, आणि आपला आशीर्वादाचा हात तिथे आगाऊपणा ठरतो. स्त्रियांनी भिक्षूला स्पर्श करू नये किंवा त्याच्या हातात थेट वस्तू देऊ नये. गावाच्या वेशीवर किंवा मोठ्या झाडाखाली छोटी घुमटी दिसली तर ती 'नेआक ता'ची, म्हणजे त्या जागेच्या राखणदाराची. वेताळाच्या किंवा म्हसोबाच्या दगडाला हात जोडून पुढे जाणाऱ्याला आणखी काही सांगायला नको.

घरी बोलावणे आले तर जिन्याखाली चपला काढाव्यात. मैदानी गावातले जुने घर खांबांवर असते. खालच्या सावलीत माग, झोळी, गुरे आणि दुपारची गप्पांची बैठक, वर निजण्याची जागा. घरातल्या माणसांच्या गळ्यात किंवा डोक्यावर चौकटीचे पंचासारखे कापड असेल. तो 'क्रमा', ऊन अडवायला, घाम पुसायला, बाळाची झोळी बांधायला, अंघोळीला नेसायला, सगळ्याला तो चालतो, आणि २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. चटईवर बसताना पाय एका बाजूला दुमडावेत, तळवे कोणाकडे करू नयेत, आणि आणलेली भेट दोन्ही हातांनी द्यावी.

जेवणात भात आणि मासे. गवती चहा, कोळिंजन, हळद, लसूण यांचे वाटण म्हणजे 'क्रेउंग', आणि नारळाच्या दुधात ते घालून केळीच्या पानाच्या द्रोणात वाफवलेला मासा म्हणजे 'आमोक'. कोकणातल्या माणसाला तो परका वाटणार नाही. गोडासाठी ताडगूळ असतो, कारण ताड हा त्या मैदानाचा आणि देशाचाही मानाचा वृक्ष आहे. कसोटी आहे ती 'प्रहोक'ची. सरोवर उतरताना डिसेंबर-जानेवारीत नदीत पकडलेल्या छोट्या माशांना मिठात घालून आंबवतात आणि ते वर्षभर पुरवतात. वास उग्र असतो. नाक मुरडू नये, सुक्या बोंबलाच्या घरात वाढलेल्याने तर मुळीच नाही. शाकाहारी माणसाने मात्र केवळ 'मांस नको' म्हणून भागत नाही, कारण भाजीतही प्रहोक किंवा माशाचे पाणी असते. त्याने 'म्होप बुओह' हे शब्द वापरावेत. भिक्षूच्या व्रतस्थपणाशी जोडलेला हा शब्द लगेच समजतो.

दारातून आत शिरताच पहिला प्रश्न येईल: 'न्यांम बाय हाउय नउ?' शब्दशः, भात खाल्लात का? जेवून गेला असाल तर 'न्यांम हाउय' म्हणावे, म्हणजे झाले जेवण. 'अजून नाही' असे केवळ संकोचाने किंवा भाषेच्या सरावासाठी म्हणू नये, कारण मग चटई अंथरली जाते, भात वाढला जातो, आणि तो संपवल्याशिवाय उठता येत नाही.